रिफिल पाऊच बरा की बाटली? भंगारवाला पाऊच घेत नाही

गोरेगावची_मीनल
कपड्यांचं लिक्विड मी हल्ली बाटलीऐवजी रिफिल पाऊचमध्ये आणते. पाऊचवर हिरवं पान, 'पृथ्वीची काळजी', 'प्लास्टिक न्यूट्रल' असं बरंच काही छापलंय. रिकामे पाऊच धुऊन वाळवून ठेवले होते. भंगारवाल्याने ते पोत्यातून वेचून परत माझ्या हातात दिले. "ताई, ये माल चलता नहीं." जुन्या बाटल्या मात्र वजन करून घेऊन गेला. कंपनीला मेल टाकला तर उत्तरात झाडं लावतानाचा व्हिडिओ आला! आता घेऊ काय? आणि 'न्यूट्रल' म्हणजे नेमकं काय झालं माझ्या पाऊचचं?

पाकीट_छापणारा
मी तुर्भ्याला पॅकेजिंगच्या धंद्यात आहे, असलेच पाऊच आमच्या मशीनवरून जातात. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

बहुतेक पाऊच एका प्लास्टिकचे नसतात. बाहेर छपाईसाठी पीईटी, आत सील होण्यासाठी पॉलिथिन, मध्ये चिकटवण आणि कधी धातूचा मुलामा. चिकटलेले थर परत सुटे करणं परवडत नाही, म्हणून धारावीच्या तेरा कंपाउंडमध्येही, म्हणजे भंगाराच्या एवढ्या मोठ्या बाजारातही, या मालाला भाव नाही. तुमच्या बाटलीचं प्लास्टिक एचडीपीई, त्रिकोणात २ आकडा. ते वितळवून दाणा होतो, दाण्याला गिऱ्हाईक आहे. पाऊचवर त्रिकोणात ७ दिसला तर भंगारवाल्याशी हुज्जत घालू नका, तो बरोबर आहे. आता एकाच जातीच्या प्लास्टिकचे पाऊचही निघालेत, पण दारात उभ्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात.

पाऊचला प्लास्टिक बाटलीपेक्षा बरंच कमी लागतं, हे मात्र खोटं नाही. तेवढं श्रेय द्यायला हवं.

'न्यूट्रल'चं म्हणाल तर हिशोब वजनाचा असतो. २०२२ पासून ईपीआरचे, म्हणजे माल काढणाऱ्यानेच त्याच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायची असे नियम आहेत. कंपनीने बाजारात जेवढं प्लास्टिक उतरवलं, त्याच्या बदल्यात ठरलेलं वजन गोळा झाल्याचं, प्रक्रिया झाल्याचं दाखवायचं. ते स्वतः करा, नाहीतर नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घ्या. तुमचाच पाऊच उचलला पाहिजे अशी अट नाही. 'न्यूट्रल'चा शिक्का बहुतेकदा असल्याच वजाबाकीवर उभा असतो. शिवाय जे रिसायकल होत नाही ते सिमेंटच्या भट्टीत जाळलं तरी नियमात बसतं. त्यात २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या तपासणीत सहा लाखांच्या आसपास प्रमाणपत्रं बनावट निघाली. असल्या प्रमाणपत्राच्या जोरावर पाकिटावर पान छापलं असेल तर मला हसू येतं, आणि छापणारा मीच!

झाडांचा व्हिडिओ हे तर वेगळंच खातं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामावर खर्चावे लागतात. झाडं त्यातली. पाऊचची जबाबदारी त्याने फिटत नाही.

माझं मत: ५ लिटरचा एचडीपीई कॅन घ्या, शेजारणीबरोबर वाटून घ्या. रिकाम्या कॅनला भंगारवाला हसत येतो.

लालबागचा_वाणी
कॅनचा सल्ला ठीक आहे, पण माझ्या दुकानात निम्मी गिऱ्हाइकं रोजच्या पैशातून रोजचं नेतात. त्यांना एक-दोन रुपयांची पुडीच परवडते. त्यांना कोणी शहाणपण शिकवू नये. पुडी कंपनीनेच काढली, आणि पोतंभर पुड्या गोळा केल्या तरी घ्यायला कोणी येत नाही. सुटी पावडर ठेवून पाहिली, लोक म्हणतात भेसळ असेल.

आणि २०१८ ची प्लास्टिकबंदी आठवते का? दुधाची रिकामी पिशवी परत दिली की ठेवीचे ५० पैसे परत मिळणार होते. माझ्या गल्ल्यातून तरी कधी कोणी घेतले नाहीत. गंमत म्हणजे दुधाची पिशवी साध्या पॉलिथिनची, भंगारात चालते. जी चालत नाही तिच्यावर ठेव लावायला हवी होती.

कुर्ला_लोकल
आपण पाऊच धुवत बसायचं आणि कंपनीने जाहिरात करायची. वर पाऊच धुवायला पाणीही आपलंच.

पाकीट_छापणारा
@कुर्ला_लोकल धुवू नका, कोरडा करा म्हणजे पुरे. पण हात झटकू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असं नुसतं छापून चालत नाही, आधार द्यावा लागतो, तोही गिऱ्हाइकाला बघता येईल असा, क्यूआर कोड किंवा वेबपत्ता देऊन. मीनलताई, कंपनीला परत लिहा आणि एवढंच विचारा: 'न्यूट्रल'चा पुरावा कुठे बघायचा? नाही सांगितलं तर १९१५ वर तक्रार नोंदवा, ग्राहक हेल्पलाइन आहे.

गोरेगावची_मीनल
पाऊचवरचा कोड स्कॅन केला. दुसऱ्या साबणावरची सूट उघडली! मेल टाकलाय, आठवडाभर वाट बघून १९१५ लावते. कॅनला तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तयार आहेत, पण त्यांना लव्हेंडरचा वास नको. बिनवासाचा ५ लिटरचा कॅन गोरेगाव पश्चिमेला कुठे मिळतो का?