क्रूझच्या एका कंपनीची मेंबरशिप तिच्याच बहीण-कंपनीत चालायला नको का?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. मी सातपूर एमआयडीसीतून निवृत्त, राहायला इंदिरानगरला. मुलगी ह्यूस्टनला असते. तिच्याकडे गेलो की ती आणि जावई दिवसभर कामावर, आम्ही दोघं सोफ्यावर. शेवटी तिनंच कंटाळून आम्हाला गॅल्व्हस्टनहून क्रूझवर बसवून दिलं. बंदर तिच्या घरापासून तासाभरावर, शाळा सुरू असताना भाडं हॉटेलपेक्षा कमी पडतं, आणि खाणंपिणं त्यातच. मग अमेरिकेची प्रत्येक वारी म्हणजे क्रूझ ठरलेलीच. रात्री साचत गेल्या आणि त्या कंपनीच्या मेंबरशिपमध्ये आम्ही बऱ्यापैकी वरच्या पायरीला जाऊन बसलो.

मिळतं काय, तर चढायला वेगळी रांग, कपडे फुकट धुऊन, आणि जहाज धक्क्याला न लागता समुद्रातच उभं राहतं तिथे (ग्रँड केमनला वगैरे) किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या बोटीत आधी नंबर. हिच्या गुडघ्यांमुळे तो आधीचा नंबर मला सगळ्यात मोलाचा. दारूचं म्हणाल तर आम्ही माळकरी, त्याचा प्रश्नच नाही.

आता अलास्का करायचं आहे. त्याच समूहाची दुसरी कंपनी आहे, जहाजं जरा लहान, पोराटोरांचा गलका कमी. फोन लावला. तिकडून बाई गोड आवाजात म्हणाली, "आमच्याकडे पहिल्यांदाच येताय, स्वागत!" म्हणजे पायरी शून्य. मालक एकच, शेअर बाजारात नाव एकच, वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात सगळ्या बहिणींची नावं, आणि आमची इतक्या वर्षांची हजेरी मात्र दुसऱ्या वहीत. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, उगाच वाद नको.

तर प्रश्न दोन. हे असंच सगळीकडे असतं का? आणि असावं का?

कसारा_घाट

काका, एसटीचा पास बेस्टमध्ये चालतो का? 😀

सातपूरकर

एसटी आणि बेस्टचा मालक एक आहे का भाऊ? असता तर तेही विचारलं असतं.

बॅग_भरा

काका, मी गंगापूर रोडवर बसून क्रूझची बुकिंग करते. द्राक्षाचा हंगाम उरकला की निफाड-पिंपळगावकडची मंडळी एप्रिल-मेमध्ये सिंगापूरची क्रूझ करायला निघतात, आणि तुमच्यासारखे पोरांकडे अमेरिकेला जाणारेही माझ्याकडे पुष्कळ. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही.

आधी पहिल्याचं उत्तर. सगळीकडे असं नाही. रॉयल कॅरिबियन समूहात तीन कंपन्या आहेत: रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि महागातली सिल्व्हरसी. रॉयल आणि सेलिब्रिटी यांच्यात थोडीफार देवाणघेवाण पूर्वीपासून होती. 2024 मध्ये त्यांनी तिन्हीकडे पायरीला पायरी असं जुळवून टाकलं, आणि 2026 पासून प्रवासाचे पॉइंट्स कुठल्या कंपनीच्या खात्यात टाकायचे हे निवडायचीही सोय केली. नॉर्वेजियन, ओशिनिया आणि रीजंट या तीन बहिणींनीही 2025 मध्ये एकमेकींची पायरी मानायला सुरुवात केली. राहिला कार्निव्हल समूह. त्यांच्याकडे कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्युनार्ड, कोस्टा, सीबोर्न असा मोठा गोतावळा आहे आणि प्रत्येकीची मेंबरशिप स्वतंत्र. प्रिन्सेसवर वरच्या एलिट पायरीला असलेला माणूस क्युनार्डवर नवखाच.

गंमत म्हणजे एमएससी ही कंपनी अनेक वर्षं चक्क परक्या कंपन्यांची पायरी जुळवून देत आली आहे. कार्ड दाखवा, आमच्याकडे या. स्पर्धक ओळख देतो आणि घरातली बहीण देत नाही, असा प्रकार. तेव्हा जमत नाही म्हणून करत नाहीत, हे खरं नाही.

आता असावं का. इथे मी तुमच्या पूर्ण बाजूने नाही. प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा असतो. रॉयलवर साध्या केबिनमध्ये एका रात्रीला एक पॉइंट, 80 झाले की डायमंड ही पायरी. केबिन बिनखिडकीची असो की बाल्कनीची, पॉइंट एकच. स्वीट (मोठी, महागडी केबिन) घेतला तर दोन. सेलिब्रिटीवर आतल्या केबिनला रात्रीचे 2, बाल्कनीला 3, आणि डायमंडच्या तोडीची एलिट पायरी 300 पॉइंट्सना. म्हणजे आतल्या केबिनमधून सेलिब्रिटीवर 150 रात्री काढल्यावर जे मिळतं, ते रॉयलवर 80 रात्रींत मिळालेलं माणूस सरळ घेऊन येतो. सेलिब्रिटीच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या पोटात दुखलं तर नवल काय?

आणि फायदे म्हणजे काही हवेतून येत नाहीत. डायमंडला रॉयलवर रोज चार पेयं मिळतात (कॉफीही चालते, माळकऱ्यांनी काळजी करू नये). सिल्व्हरसीवर पेयं आणि टिप्स भाड्यातच असतात, तिथे ती चार पेयं नेऊन करायचं काय? उलट लाउंज, वेगळी रांग, आधीचा नंबर या गोष्टी मोजक्या माणसांपुरत्याच चालतात. जहाजावर निम्मे लोक 'प्राधान्य'वाले झाले की प्राधान्याची रांगच मोठी होते. गॅल्व्हस्टनला तुम्ही पाहिलंच असेल, सगळे जुनेजाणते, सगळ्यांच्या हातात वरच्या पायरीचं कार्ड, आणि साध्या रांगेतला माणूस आधी आत.

म्हणून माझं म्हणणं, ओळख न्यावी, खर्चाचे आणि जागेचे फायदे जहाजागणिक वेगळे ठेवावेत. तुमचं नाव, तुमची आवडनिवड, जैन जेवण की साधं शाकाहारी, खालचा डेक हवा, लिफ्टजवळची केबिन हवी, ही माहिती एका मालकाच्या सगळ्या जहाजांवर जायलाच हवी. तिथे 'पहिल्यांदाच येताय' म्हणणं हा निव्वळ आळस आहे. पण सायंकाळचे फुकट पेले? त्यासाठी त्या जहाजावर रात्री काढाव्यात.

देवळालीची_लेक

मी दुसऱ्या टोकाची. नाशिक सोडून न्यू जर्सीत स्थायिक. आम्ही दोघं एकाच कंपनीने जातो (नाव नको), बाल्कनी घेऊन, पुरते पैसे मोजून. पायरी चढायला कितीतरी वर्षं गेली. आता संध्याकाळी पाचला लाउंजमध्ये गेलं की खुर्ची मिळत नाही. बाजूच्या टेबलावरचे काका आनंदाने सांगतात, "आम्ही या कंपनीने पहिल्यांदाच आलोय, तिकडची पायरी इकडे चालली!" आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. माणसं चांगली असतात, दोष त्यांचा नाही. पण कंपनीने नवे आणायच्या नादात जुन्यांच्या खुर्च्या वाटल्या, त्याचं काय? खुर्च्या वाढवल्या असत्या तर मी एक शब्द बोलले नसते.

@बॅग_भरा, ओळख न्यावी हे एकदम मान्य. शाकाहारी आहोत हे दर वेळी पहिल्या रात्री नव्याने सांगायचं आणि दुसऱ्या रात्री परत मश्रूम रिसोटोच यायचा, हे मात्र जुन्या कंपनीतही सुटलेलं नाही.

ओझरकर_सीए

दोन्ही ताईंचं वाचलं. मला यातली पैशाची बाजू जास्त मजेशीर वाटते.

कार्निव्हल समूहाचे 100 शेअर तुमच्या नावावर असतील तर जहाजावर खर्चायला क्रेडिट मिळतं: सहा दिवसांपर्यंतच्या सफरीला 50 डॉलर, सात ते तेरा दिवसांना 100, चौदा आणि पुढे 250. हे क्रेडिट कार्निव्हलवर चालतं, प्रिन्सेसवर चालतं, हॉलंड अमेरिकावर, क्युनार्डवरही चालतं. म्हणजे भागधारक म्हणून आलात तर सगळ्या बहिणी ओळखतात, प्रवासी म्हणून आलात तर कोणी ओळखत नाही! वर्षानुवर्षं भाडं भरणाऱ्यापेक्षा एका दुपारी शेअर घेणारा जवळचा. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय.

यामागे कारण असावं असं मला वाटतं. या कंपन्या एकमेकींत जन्मलेल्या नाहीत, विकत घेतलेल्या आहेत. कार्निव्हल 1972 ची. हॉलंड अमेरिका तिने 1989 मध्ये घेतली, क्युनार्ड 1998 मध्ये, आणि प्रिन्सेस आली 2003 मध्ये पी अँड ओ प्रिन्सेसबरोबर. प्रत्येकीची सॉफ्टवेअर वेगळी, ऑफिसं वेगळी, आणि साहेबाला उत्तर द्यायचं ते आपापल्या ब्रँडच्या नफ्याचं. माझ्या जहाजावर मी फुकट धुलाई द्यायची आणि तुझं भाडं तू आधीच घेऊन बसलास, तर माझ्या खात्यात खर्च का पडावा? ज्यांनी ऑडिट केलं आहे त्यांना हे भांडण ओळखीचं असेल.

आपल्याकडे टाटांनी हे बऱ्यापैकी निभावलं आहे. त्यांची हॉटेलं बघा, अंबडचं गेटवे आणि जिंजर, भाड्यात केवढा फरक, पण पॉइंट्सचं खातं एक. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा क्लब विस्ताराचे मेंबर एअर इंडियाच्या महाराजा क्लबात घेतले गेले. इच्छा असली की वह्या जुळतात.

आणि हो, कार्निव्हल कंपनीपुरती मेंबरशिप 2026 पासून रात्रींऐवजी खर्चावर जाते आहे. मग तर आतल्या केबिनमध्ये शांत बसून पुस्तक वाचणाऱ्या आपल्या काकांसारख्यांची पंचाईतच. बारमध्ये नाही, कॅसिनोत नाही, फोटो घेत नाहीत, स्पामध्ये जात नाहीत. त्यांना कोण विचारणार?

सातपूरकर

काकांसारख्यांची पंचाईत, हे अगदी वर्मावर बोट. फोटो हिने एकदा घेतला होता, त्यात माझे डोळे मिटलेले.

बॅग_भरा ताई, तुमचा पॉइंट्सचा हिशोब पटला. तो मी केलाच नव्हता. पण एक सांगतो, मला लाउंज नको, पेले नकोत, धुलाईसुद्धा हिला आवडत नाही, ती बाथरूममध्ये दोरी बांधून धुते. मला हवा आहे फक्त तो बोटीतला आधीचा नंबर. तेवढं पायरीशिवाय कसं मिळवायचं?

कसारा_घाट

माझा पण एक प्रश्न, थट्टा नाही. आम्ही मुंबईहून कॉर्डेलियाने गोव्याला गेलो होतो. तिथे कोणी तरी म्हणालं की ते जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनचं होतं. मग त्या रात्री रॉयलच्या खात्यात धरतील का?

बॅग_भरा

@कसारा_घाट, नाही रे बाबा. कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' म्हणजे रॉयलचं जुनं 'एम्प्रेस ऑफ द सीज', हे खरं आहे. 1990 चं जहाज, 2021 पासून कॉर्डेलियाकडे. पण जहाज विकलं म्हणजे विकलं. नातं संपलं.

@ओझरकर_सीए, शेअरचं क्रेडिट आपोआप येत नाही. शेअर असल्याचा पुरावा देऊन अर्ज करावा लागतो. माझे एक-दोन ग्राहक विसरतात आणि जहाजावरून मला मेसेज करतात, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

@सातपूरकर काका, आता तुमचं. बोटीतला नंबर ही वेगळी गोष्ट, ती पायरीत अडकवूच नका. प्रत्येक मोठ्या कंपनीत विशेष गरजा असलेल्यांसाठी वेगळा विभाग असतो. बुकिंग झालं की लगेच त्यांचा फॉर्म भरायचा. काकूंचे गुडघे, लांब चालता येत नाही, पायऱ्या जड जातात, सगळं साधं स्पष्ट लिहायचं. बंदरात चढता-उतरताना व्हीलचेअर आणि ढकलणारा माणूस मिळतो, त्याचे पैसे नाहीत आणि पायरीही विचारत नाहीत. व्हीलचेअर नको वाटत असेल तरी मागून ठेवा. बोटीत उतरताना पाण्याच्या हेलकाव्यात एक पाऊल टाकावं लागतं, ते जमेल का ते मात्र तुम्हीच पाहायचं. लाटा फार असतील तर कर्मचारी थांबवतातही.

शिवाय अलास्कात जूनो, स्कॅगवे, केचिकान इथे जहाज बहुतेक वेळा धक्क्यालाच लागतं. तेव्हा बुकिंगच्या आधी बंदरांची यादी घेऊन एकेक तपासा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जहाज ग्लेशियर बेमध्ये (अलास्कातली हिमनद्यांची खाडी) जातं का ते बघा. तिथे राष्ट्रीय उद्यानवाले दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं आत सोडतात, त्यामुळे सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या सफरींत ते नसतं. तिथे उतरायचं नसतंच. डेकवर खुर्ची टाकून काकूंनी शाल पांघरून बसायचं आणि बर्फाचे कडे कोसळताना बघायचे. ती सफर मिळत असेल तर मी पायरी शून्यावर आनंदाने जाईन.

सातपूरकर

ग्लेशियर बेचं माहीत नव्हतं. मुलीला लगेच पाठवलं. ती म्हणते, दोन सफरींपैकी स्वस्त होती त्यात ते नाही, महाग आहे त्यात आहे. आता हिच्याशी बोलून सांगतो. फॉर्म भरताना "गुडघे" याला इंग्रजीत नेमकं काय लिहायचं म्हणजे ते गंभीरपणे घेतील, डॉक्टरांचं पत्र जोडावं का?

बॅग_भरा

पत्र सहसा मागत नाहीत, पण असलेलं बरं. कॅनडात थांबणारी सफर असेल तर कॅनडाचा व्हिसा आत्ताच पाहा, तो ऐन वेळी मिळत नाही.