मंद वाऱ्यात लेझर बोटीचा वेग कसा टिकवावा?

मुठाकाठ
नमस्कार. मी खडकवासल्याच्या जलाशयात लेझर, म्हणजेच आता इल्का ७ म्हणून ओळखली जाणारी एकट्याने चालवायची शिडाची बोट चालवतो. दुपारी वारा भरला की बोट समाधानकारक चालते. परंतु हिवाळ्यात सकाळी वारा तीन-चार नॉटच असतो, तेव्हा समोरच्या वाऱ्याकडे तिरके जाताना वेग टिकत नाही आणि प्रत्येक टॅकनंतर (नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळल्यावर) बोट जवळजवळ थांबते. शीड घट्ट ओढून मी वाऱ्याच्या अधिक जवळून जातो, तरीही इतर बोटी पुढे निघून जातात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शीडदोरी
कारण आपल्या वर्णनातच आहे. शीड घट्ट ओढले की त्याचा मागचा काठ बंद होतो आणि वेग जातो. वेग गेला की सेंटरबोर्डवरून, म्हणजे बोटीखाली पाण्यात उतरवलेल्या उभ्या फळीवरून, वाहणारे पाणी मंदावते, बोटीला आडवे सरकण्यापासून रोखण्याचे त्याचे बळ कमी होते, आणि नाक वाऱ्याकडे असले तरी बोट तिरकी वाहत जाते. म्हणून आधी वेग मिळवावा, वाऱ्याशी जवळीक नंतर साधावी. मेनशीटचे, म्हणजे शीड आत ओढणाऱ्या दोरीचे, ब्लॉक (कप्प्या) एकमेकांना टेकू देऊ नयेत, व्हँगची (शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, खाली ओढणाऱ्या दोरीची) फक्त ढील काढावी आणि कनिंगहॅम (शिडाचा पुढचा काठ खाली ताणणारी दोरी) पूर्ण सैल सोडावा.

बसण्याची जागा याहून महत्त्वाची आहे. रिकाम्या बोटीचे वजन सुमारे ५९ किलो असल्याने बहुतेकदा चालवणाराच तिच्याहून जड असतो, आणि तो मागे बसला की रुंद मागील भाग पाण्यात रुतून बोटीला मागे ओढतो. कॉकपिटच्या अगदी पुढच्या टोकाशी बसावे आणि बोट वाऱ्याआडच्या, म्हणजे शिडाकडच्या, बाजूला किंचित कलती ठेवावी, म्हणजे पाण्याला घासणारा पृष्ठभाग घटतो आणि शीड स्वतःच्या भाराने आकार धरते. अंग मात्र सावकाश हलवावे, कारण एका झटक्याने शिडावरचा वाऱ्याचा प्रवाह तुटतो आणि तो पुन्हा जुळायला बराच वेळ लागतो.

सिंहगडवारा
वरील सर्व मुद्दे मान्य आहेत. आउटहॉलबाबत, म्हणजे शिडाचा खालचा काठ बूमवर ताणणाऱ्या दोरीबाबत, भर घालतो. वारा जितका मंद तितके शीड अधिक फुगीर ठेवावे, असा समज आहे. प्रत्यक्षात इतक्या दुबळ्या वाऱ्याला खोल वळणावरून वाहत जाण्याइतका जोर नसतो, म्हणून मध्यम वाऱ्यापेक्षा शीड थोडे सपाटच ठेवावे, विशेषतः जलाशयात, जिथे समुद्रासारख्या लाटा नसतात. शिडावरचे लोकरीचे धागे पाहत राहा. वाऱ्याआडचा धागा फडफडू लागला तर मेनशीट थोडे सोडा. वाऱ्याकडचा उचलला गेला तर सुकाण्याने किंचित खाली उतरा, म्हणजे नाक वाऱ्यापासून दूर वळवा.

आपल्याकडे डोंगरांमुळे वारा तुकड्यातुकड्यांनी येतो. पाण्यावर जिथे गडद तरंग दिसतात तिथे तो असतो, आणि टॅकही शक्यतो तिथेच, अंगात वेग असताना घ्यावा. लेझरला जिब, म्हणजे पुढचे छोटे शीड, नाही. नाक वाऱ्यात अडकले तर ते बाहेर काढायला ७.०६ चौरस मीटरचे एकच शीड असते. म्हणून रोल टॅक, म्हणजे बोट कलवून घेतलेला टॅक, शिकाच. सुकाणू हळू वळवावे, नाक वाऱ्यातून जाताना बोट आपल्या अंगावर कलू द्यावी, थोडे उशिराने पलीकडे जावे आणि मग ती एकसंध हालचालीत सरळ करावी. अंगाच्या हालचालींनी बोट पुढे ढकलण्यावर मर्यादा घालणाऱ्या शर्यतीच्या नियम ४२ नुसार हे चालते, पण टॅक संपताच बोटीचा वेग टॅक न घेता राहिला असता त्याहून अधिक असता कामा नये.

मुठाकाठ
दोघांचेही मनःपूर्वक आभार. वारा पाठीमागून असतानाही पुढेच बसावे का?

शीडदोरी
होय, पुढेच, परंतु कल उलटा, म्हणजे बूमच्या विरुद्ध बाजूला द्यावा, ज्यामुळे शीड उंच हवेत जाते आणि सुकाणू जवळजवळ न वापरता बोट सरळ चालते. सेंटरबोर्ड बराच वर घ्यावा. डोलकाठीला आधाराच्या तारा नसल्याने बूम काटकोनाच्याही पुढे सोडता येतो.