मदत हवी आहे: भूतकाळात जाता येतं का, नववीच्या पोरांना काय सांगू?

मंडळी, मी चाळीसगाव तालुक्यात विज्ञान शिकवतो. मागच्या आठवड्यात नववीची पोरं घेऊन पाटणादेवीला गेलो होतो, तिथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे ना, तो दाखवताना सांगितलं की भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, तर एक पोरगं म्हणे, "सर, मांगे जाईसन त्यास्ले भेटता येस का?"

पुढे जाता येतं हे मी ठामपणे सांगितलं, कारण वेळ सगळीकडे सारख्या वेगाने जात नाही आणि ज्याचं घड्याळ हळू चालतं तो बाकीच्यांच्या भविष्यात पोचतो. जीपीएसचं उदाहरण दिलं, त्या सॅटेलाईटमधलं घड्याळ वेगामुळे रोज ७ मायक्रोसेकंद मागे पडतं पण वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ ने पुढे पळतं, म्हणजे एकूण ३८ ने पुढे, आणि हा फरक धरला नाही तर मॅप एका दिवसात दहाएक किलोमीटर चुकेल. हे पोरांना जाम आवडलं.

पण मागे जायचं म्हटलं की मीच अडकलो. आइन्स्टाईनच्या समीकरणांतूनच गणितज्ञ गोडेलने १९४९ मध्ये असं विश्व काढून दाखवलं की ज्यात फिरून स्वतःच्याच भूतकाळात येता येतं, फक्त ते अख्खं विश्व गरगर फिरणारं हवं आणि आपलं तसं दिसत नाही. मग १९८८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न वगैरेंचं वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणारा बोगदा, त्याला निगेटिव्ह एनर्जी (शून्यापेक्षा कमी ऊर्जा) लागते. १९९२ मध्ये हॉकिंग म्हणाले निसर्ग भूतकाळात जाणं होऊच देणार नाही, पण तो अंदाज आहे, सिद्धता नाही. मग नियमातच बंदी आहे का नुसतं आपल्याला जमत नाही? पोराला "नाही" म्हणून गप्प बसवायचं नाहीये, कोणी नीट सांगेल का?

प्रतिसाद:
सर, बंदी सिद्ध झालेली नाही. रिलेटिव्हिटी (आइन्स्टाईनचा सापेक्षतावाद) आणि क्वांटम (अणूंच्या पातळीवरचे नियम) दोन्ही एकत्र बसवणारी पक्की थिअरी अजून नाही, तिथेच निकाल अडलाय. निगेटिव्ह एनर्जी कॅसिमिर इफेक्टमध्ये, म्हणजे धातूच्या दोन पट्ट्या अगदी जवळ आणल्यावर त्यांच्या मधल्या जागेत, असते पण अगदीच चिमूटभर. तुमच्या पोराचं उत्तर मात्र आधीच मिळतं. वर्महोलचं एक तोंड जागेवर ठेवायचं, दुसरं प्रचंड वेगाने फिरवून आणायचं, त्याचं घड्याळ मागे पडतं आणि त्या तोंडातून शिरून पहिल्यातून बाहेर पडलं की तेवढ्याच फरकाने मागे जाता येतं. म्हणजे यंत्र तयार झालं त्याच्या आधीच्या काळात जाताच येत नाही. १११४ गाठायचं तर यंत्र तेव्हाच असायला हवं होतं.

धागाकर्ता:
खूप आभार भाऊ! मागे पडणारं घड्याळ पोरांना जीपीएसमुळे माहितीच आहे, उद्या तिथूनच सुरू करतो.