मदत हवी आहे: जुन्या गाडीतलं सीएनजी किट आरसीवर नाही, निस्तरायचं कोणी?

नमस्कार मंडळी,

सातारा रोडवरच्या एका डीलरकडून जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली. आधीच्या मालकाने बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. "किट पासिंगचं आहे, आरसीवर चढलेलं आहे," असं डीलरने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं. गाडी माझ्या नावावर झाली, नवीन आरसी कार्ड आलं, तर त्यावर इंधन नुसतं 'पेट्रोल'.

पुढची गंमत पंपावर. गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी) दर तीन वर्षांनी लागते, तिची मुदत कधीच उलटलेली. गॅस भरायला नकार. मग गॅरेजमध्ये दाखवली, तर रिड्यूसरच्या (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाच्या) जोडातून बारीक गळती, इंजेक्टरच्या वायरी कापून नुसती टेप गुंडाळलेली, आणि टाकीवर कोरलेला नंबर किटच्या माहितीच्या प्लेटवर लिहिलेल्या टाकीच्या नंबराशी जुळतच नाही. बायको-मुलांना घेऊन याच गाडीतून कात्रजचा घाट चढलोय, हे आठवून अंगावर काटा येतो.

डीलर म्हणतो, "आहे त्या स्थितीत विकली, पावतीवर लिहिलंय, मूळ मालकाला विचारा." मूळ मालक म्हणतात, "मी डीलरला दिली, माझा संबंध संपला."

जाणकारांनी सांगावं: खर्च कोणाकडे मागायचा? किट काढावं की आरसीवर चढवावं? आणि इन्शुरन्स कंपनीला आत्ता कळवलं तर माझ्यावरच उलटेल का?

प्रतिसाद १
दोन गोष्टींची गल्लत करू नका. आरटीओ, पोलीस आणि अपघात यांच्यासाठी आता नोंदणीकृत मालक तुम्हीच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफाराबद्दल आहे. किट चालतं, पण मान्यताप्राप्त हवं आणि आरसीवर नोंद हवी. विनापरवाना फेरफाराला त्याच कायद्याच्या कलम १८२अ खाली दर फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पैशांची वसुली हा वेगळा विषय, ती डीलरकडून. तो धंदा म्हणून विकतो, म्हणजे तुम्ही ग्राहक. आधी वकिलाची नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, आणि गाडी पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. मूळ मालकाने तुम्हाला काही विकलंच नाही, त्यांच्यामागे लागू नका.

प्रतिसाद २
डीलरचा वकील म्हणेल, गाडीचा नंबर टाकून एमपरिवाहन या सरकारी अ‍ॅपवर इंधन बघता आलं असतं. करार कायद्याच्या कलम १९ मध्ये तशी पळवाट आहेच. पण ती विक्रेता गप्प राहिला किंवा नकळत चुकीचं बोलला तर. माहीत असून खोटं सांगितलं तर ती चालत नाही. म्हणून तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जिवापाड जपा, फोन फॉरमॅट करू नका. 'आहे त्या स्थितीत' हे छापील वाक्य ऐकून पुण्यात निम्मे लोक घरी परततात. खोटं बोलून विकलेल्या मालाला ते ढाल होत नाही.

प्रतिसाद ३
मी गॅरेज चालवतो. आजपासून गॅसवर चालवू नका, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. पण काही काढायच्या आधी फोटो काढा, दोन्ही नंबर स्पष्ट दिसतील असे, आणि गॅरेजकडून लेटरहेडवर रिपोर्ट घ्या. नंबर जुळत नसतील तर ते किट आरसीवर चढणं विसरा. काढून टाका, मात्र सुटे भाग भंगारात देऊ नका, आयोगापुढे पुरावा आहे तो. नवीन बसवायचंच तर तुमच्या मॉडेलला मान्यता असलेलं, अधिकृत फिटरकडून. या किटांची चाचणी करून मान्यता देणारी एआरएआय ही संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, तरी शहरात असला जुगाड फिरतो! इन्शुरन्सला लेखी कळवा. किटचा प्रीमियम किमतीच्या साधारण चार टक्के, वर थर्ड पार्टीचे साठ रुपये. न कळवता आग लागली तर क्लेमच्या वेळी हेच कारण पुढे येतं.

धागाकर्ता
आभार. मेसेज डीलरच्या मुलाच्या नंबरवरून आलाय, पावतीवर सही वडिलांची. यावर तो हात झटकेल का?

प्रतिसाद १
पैसे कोणाच्या खात्यात गेले ते सांगा. फर्मच्या असतील, तर मुलगा फर्मच्या वतीनेच बोलला हे दाखवणं सोपं जाईल.