‘परतीची मुदत संपली’ म्हणाले, मग पुढे काय झालं? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती, मनीषनगर
नमस्कार मंडळी. एप्रिलात ऑनलाइन कूलर मागवला. मेच्या ऐन तापात पंप बंद पडला आणि मोटरला जळका वास यायला लागला. ॲप म्हणतं मुदत संपली, ब्रँडशी बोला. ब्रँड म्हणतो विक्रेत्याला विचारा. ही टोलवाटोलवी चालू असताना बाहेर पारा 45 वर. शेवटी 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तक्रार क्रमांक मिळाला आणि ‘आमची पॉलिसी’ याच्यापुढे न सरकणाऱ्या कस्टमर केअरचा स्वतःहून फोन आला. मोटर बदलून मिळाली, पैसे नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, तोवर उलटून गेला होता. ॲपवरची मुदत संपली की आपला हक्कही संपतो का? ज्यांनी पुढे रेटून नेलं त्यांनी सविस्तर लिहा. कंपन्यांची नावं नकोत.

प्रतापनगरचे काका
संपत नाही. 2020 चे ई-कॉमर्स नियम स्पष्ट आहेत: माल सदोष निघाला किंवा जाहिरातीत सांगितला तसा नसला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. ॲपवरची मुदत ही त्यांची सोय. ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात.

नातीसाठी घेतलेल्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर रेघा आल्या. सर्व्हिस सेंटरवाल्याने न उघडताच ‘फिजिकल डॅमेज’ सांगून टाकलं. म्हटलं, हेच जॉब शीटवर लिहून द्या. तिथे गडी थांबला, ‘तपासणी बाकी’ एवढंच लिहिलं. पुढे तोच कागद कामी आला. मग ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल. त्यांनी 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. पोच वेळेत आली, निवारण काही आलं नाही.

मग जिल्हा आयोग, आपला सिव्हिल लाइन्सचा. विक्रेता गुरुग्रामचा, पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते. 1986 च्या कायद्यात ही मुभा नव्हती. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. वकील लावला नाही. अर्ज ऑनलाइन भरला, पण त्रुटी निघाल्या: स्क्रीनशॉट आहेत, ते खरे असल्याचं प्रमाणपत्र नाही, अनुक्रमणिका नाही. ते सगळं पुरं करून दिलं. नोटिशीला उत्तर द्यायला कंपनीला 30 दिवस, वर फार तर 15. ती मुदत भरत आली तसा सूर बदलला, “काका, रिफंड घ्या आणि केस मागे घ्या.” मी म्हटलं, जे द्यायचं ते आयोगासमोर लेखी द्या. पूर्ण किंमत आणि थोडा खर्च मिळाला. मनस्तापाचे मागितले होते, त्यावर पाणी सोडलं. कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच. पण तारखा त्यांच्याच हिशोबाने पडतात. नात तोवर पुढच्या वर्षाला गेली.

ओव्हरलॉकवाली, नंदनवन
काका, मी घरीच शिलाई करते. ओव्हरलॉक मशीन मागवलं, ते टाकेच सोडून राहिलं. विक्रेता म्हणतो, धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. खरं आहे का हो?

प्रतापनगरचे काका
अर्धं सांगून राहिला तो, ताई. पोट भरायला स्वतः चालवण्यासाठी घेतलेलं यंत्र ‘व्यावसायिक’ धरत नाहीत, कायद्याच्या व्याख्येतच तसं आहे. मशीनवर स्वतः बसता, उपजीविका त्यावरच आहे, हे तक्रारीत ठळक लिहा. दहा कारागीर ठेवले असते तर गोष्ट वेगळी.

इतवारीतला साडीवाला
आमचंही ऐका भाऊ. पैठणी पाठवली की लग्न उरकून परत येते, काठाला हळद लागलेली. एकदा तर डब्यात जुनी चादर. व्हिडिओ मागितला की लोकांना राग येतो. कायद्यात व्हिडिओची अट नाही, मान्य. पण पार्सल उघडताना काढून ठेवला तर दोघांचंही भांडण वाचते.

हेल्मेटवाला, सक्करदरा
माझं थोडक्यात. हेल्मेटवर आयएसआयची खूण होती, पण लायसन्स नंबर भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला तर दुसऱ्याच वस्तूचा निघाला. खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायला 1 जून 2021 पासून बंदी आहे. ॲपवरूनच तक्रार केली, पैसे लगेच परत. कारवाई काय झाली ते कोणी कळवलं नाही.

धरमपेठकर
499 च्या कुर्त्यासाठी आयोगात कोण जाते बे! मी सोडून दिलं.

धागाकर्ती, मनीषनगर
499 साठी 1915 वर फोन करायला काय हरकत आहे? फुकट आहे, मराठीतही बोलतात. काका, मेलमध्ये नेमकं काय लिहिलं होतं?

प्रतापनगरचे काका
ऑर्डर क्रमांक, बिल, दोष कधी दिसला, आधीच्या तक्रारींचे क्रमांक, आणि काय हवं ते एकाच वाक्यात: दुरुस्ती, बदली की पैसे. राग लिहायचा नाही. ओव्हरलॉकच्या ताईंनी टाके सुटलेल्या कापडाचा फोटो जोडावा, मशीनचा अनुक्रमांक दिसेल असा.