मदत हवी आहे: सायकलचं मागचं चाक, आज रात्रीपर्यंत

नमस्कार मंडळी. आमची सोलापूरची पाच पोरं सध्या सायकलच्या एका मोठ्या स्टेज रेसमध्ये (रोज एक टप्पा, अशी अनेक दिवसांची शर्यत) आहेत. टीम कार म्हणजे माझी जुनी ओम्नी, मेकॅनिक मीच. काल खड्ड्यात एकाची मागची रिम तडकली. स्पेअर चाक एकच होतं, ते पहिल्याच दिवशी लागलं. दुसरा एक पोरगा टाइम लिमिटबाहेर गेला; विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्क्यांहून मागे पडलं की पुढच्या स्टेजला उभंच करत नाहीत. तुळजापूरच्या घाटात तयार झालेली पोरं, पायांनी कुठं कमी नाहीत हो!

कुणाकडे ७००सी, डिस्क ब्रेकचं, १२ बाय १४२ मिमीच्या (आसाची जाडी आणि हबची रुंदी) थ्रू अ‍ॅक्सलचं, ११ स्पीड कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बसणारं चाक आहे का? अ‍ॅल्युमिनियमचंही चालेल, वजन बघायची ऐपत नाही. माझा भाऊ चाक घ्यायला सोलापुरात सात रस्ता चौकात रात्री दहापर्यंत थांबेल. रेस संपली की परत, घासूनपुसून.