‘बर्न’ म्हणजे ‘ब्र्यूले’, विषय संपला? कसा संपला?

लिऑनकर: काल इथे एकाने ठोकून दिलं, "फ्रेंच माणसाला इंग्रजी ‘बर्न’ शिकवायचं तर त्यांचंच ‘ब्र्यूले’, म्हणजे जाळणं, सांगा, विषय संपला." सात वर्षं फ्रेंच लोकांना इंग्रजी शिकवतोय, म्हणून राहवलं नाही. परवा एक बाई उशिरा आल्या, म्हणाल्या, "आय बर्न्ड अ रेड लाइट." वर्ग दचकला. सिग्नल तोडला होता हो! फ्रेंचमध्ये सिग्नल ‘जाळतात’. उलट इंग्रजीत सीडी ‘बर्न’ करतात, ती फ्रेंचमध्ये ‘ग्राव्हे’, म्हणजे कोरायची. सनबर्नला ‘कू द सोलेय’, सूर्याचा फटका. जळण्याचा पत्ताच नाही. आणि हात भाजला की फ्रेंच वाक्य शब्दशः उचलून "आय बर्न्ड मी द हँड".

तिखटमीठ: ते ठोकून देणारा मीच. सीडी?? अजून कॅसेटही भरता का? पत्र, पाव, कॅलरी, पोटातली जळजळ, सगळीकडे ‘ब्र्यूले’ चालतं. उरलेल्या अपवादांचं लोणचं घाला.

मॉन्ट्रियलची मावशी: आणि ‘बर्न-आउट’, कामाच्या ताणाने माणूस पार खचतो ते? फ्रान्सवाले तो शब्द खुशाल जसाच्या तसा वापरतात. आमच्या क्वेबेकमध्ये, कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात, शिफारस ‘एप्युइझमाँ प्रोफेसिओनेल’ची. त्यात नुसतं थकणं आलं, जळणं गेलं. नवरा त्यापायी तीन महिने घरी होता. साहेब विचारायचे, "थकवाच ना?"

तिखटमीठ: थकवाच तो. १९७४ साली फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नाव दिलं म्हणून काय आजार नवा झाला? आमची आई तीस वर्षं चुलीपुढे होती, तिला नाही झालं बर्न-आउट.

मॉन्ट्रियलची मावशी: झालं नाही, की कुणी विचारलं नाही? आईच्या कष्टांची ढाल करू नका.

लिऑनकर: अहो, मूळ मुद्दा...

करपलेलीपोळी: मूळ मुद्दा राहू द्या. आपलं दूध लागतं, पोळी करपते, जीभ पोळते, हात भाजतो, घर जळतं. साहेबाकडे सगळ्याला एकच ‘बर्न’. कीव फ्रेंचांची नको, इंग्रजांची करा.

लिऑनकर: पण शिकायचं फ्रेंचांना आहे ना, ताई!

मॉन्ट्रियलची मावशी: मी चालले. इथे आईवर बोललं की टाळ्या, नवऱ्यावर बोललं की थकवा.

तिखटमीठ: मावशी, नवऱ्याबद्दल बोललो ते चुकलं. बाकी शब्द मागे घेत नाही. हां, सिग्नलचं मान्य, तेही नाइलाजाने. पॅरिसला आलो त्या वर्षी शेजारची पोरं घरात लपवलेली वस्तू शोधत होती. एक ओरडला, "त्यू ब्र्यूल! त्यू ब्र्यूल!" शब्दशः ‘तू जळतोयस’, पण वस्तूच्या अगदी जवळ आलास, एवढाच अर्थ. मी धावत जाऊन गॅस बंद केला. भात कच्चा राहिला.